रोफिकची डावी बाजू

३ जून, सोमवार

पाक गियार्तोंनी, आमच्या म्होरक्यांनी, माझं नाव लिहून टाकलं. विचारलं नाही, सवरलं नाही — लिहून मोकळे! "तारजोनो, बचावाला. पुढचा कोण?"

मी चहाचा पेला हातात धरून तसाच उभा. त्यांच्या टायरच्या दुकानात वीस-पंचवीस जण होते. सगळे लाल शर्टवाले, आमच्या फुटबॉल संघाचे पाठीराखे, आपलेच. 

स्पर्धा तीस तारखेला. खेळणारे खरे खेळाडू नव्हेत — स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घसा फोडणारे आमच्यासारखेच लोक. बघायला येणाऱ्याने पत्रा, वासा, सिमेंटची गोणी, जे जमेल ते आणायचं. सगळं बू वारसितींच्या, म्हणजे शिकवणीच्या थोरल्या बाईंच्या, घराला. जानेवारीच्या वाऱ्यात त्यांच्या शिकवणीच्या खोलीचं छप्पर उडालं, ते अजून तसंच आहे. तेवीस मुलं निळ्या ताडपत्रीखाली बसतात. कुणाचा बाप समुद्रावरून परतला नाही, कुणाची आई मलेशियात लोकांची धुणीभांडी करते. पोरं पहाटे धक्क्यावर मासळी निवडतात आणि दुपारी पाटीसमोर पेंगतात. उमियाती — माझी बायको — तिथेच शिकवते. म्हणजे 'नाही' म्हणायला मला तोंडच नाही.

ते सगळं ठीक आहे. पण समोर कोण? डोंगरापलीकडचे. पिवळे!

नऊ वर्षांत पहिल्यांदा.

४ जून, मंगळवार

नाही म्हणायला हवं होतं. पाय मुरगळला म्हणायचं. अजून वेळ आहे.

७ जून, शुक्रवार

नमाजानंतर सगळे दुकानावर जमले. पिवळ्यांची यादी फोनवर आली होती. पाक गियार्तो मोठ्याने वाचत होते, प्रत्येक नावावर कुणीतरी काहीतरी टोमणा मारत होतं. "हा जाड्या? ह्याला बॉल समजून लाथ मारा!" हसणं चाललं होतं. मग पाक गियार्तो थांबले.

"रोफिक. गोलकीपर."

कुणीच हसलं नाही.

"हा तोच," ते म्हणाले. "डोळावाला."

कुणीतरी पुटपुटलं, "डोळा एक आणि गोलकीपर!" पण त्यालाही कुणी दाद दिली नाही. मी उठलो, बोटीला दुसरा हात द्यायचाय म्हटलं आणि धक्क्यावर आलो. आता अर्धवट रंगवलेल्या बोटीच्या सावलीत बसून हे लिहितोय. ही वही खरं तर रंगांची — कुठल्या बोटीला कुठला रंग, किती डबे. मागची पानं कोरी आहेत. ही कुणी उघडत नाही. उमियातीसुद्धा नाही.

लिहून टाकतो एकदाचं.

नऊ वर्षांपूर्वी, नोव्हेंबरमध्ये, रविवारी. आमच्या मैदानावर आम्ही हरलो. पिवळे ट्रकमध्ये उभे राहून ढोल बडवत परत निघाले होते. मिठागरांजवळ रस्त्याचं काम चालू होतं, कडेला खडीचे ढीग. आम्ही सात-आठ जण तिथे उभे होतो. शिव्या देत होतो, एवढंच. पहिला दगड कुणी मारला ते मला माहीत नाही. दुसरा मी मारला.

मुठीएवढा होता. मी नेम धरला नव्हता — असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगतोय. पण ट्रककडेच फेकला ना? एक जण तोंडावर हात घेऊन खाली बसला. ढोल थांबला. आणि मी पळालो. मिठागराच्या चरात गुडघाभर पाण्यात, तिथून खाजणात, तिथून घरी.

आठ-दहा दिवसांनी बातमी आली. पिवळ्यांच्या एका पोराचा डोळा गेला. रोफिक नाव.

मग त्यांनी आमची बस फोडली. मग आम्ही त्यांची. पाक गियार्तोंच्या पुतण्याचा हात मोडला, तो अजून वाकडाच आहे. मग पोलिसांनी एकमेकांच्या गावात मॅचला जायलाच बंदी घातली. पिवळ्यांचं एक गाणंच आहे म्हणे — एका डोळ्याचे दोन डोळे घेऊ, असं काहीतरी.

दगड कुणाचा, हे कुणालाच माहीत नाही. मलाच माहीत आहे.

९ जून, रविवार

बू वारसितींच्या अंगणात बैठक. दोन्हीकडचे लोक पहिल्यांदा समोरासमोर. खुर्च्या आपोआप दोन रांगांत लागल्या, मधे रस्त्याएवढी जागा. रोफिक आला नव्हता. बरं वाटलं.

पोलिसांचे साहेब आले होते. एक जरी मारामारी झाली तरी स्पर्धा तिथेच बंद, आणि पुन्हा ह्या गावात दोन रंग एकत्र दिसले तर थेट आत, म्हणाले. दोन्ही म्होरक्यांनी सही केली. मग वाद सुरू — ढोल कुणाचे आधी, झेंडे किती, मैदानाची कुठली बाजू कुणाची. तासभर!

बू वारसिती डाळिंब सोलत बसल्या होत्या. पासष्टीच्या आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "संघ मिसळून टाका."

"म्हणजे?"

"प्रत्येक संघात अर्धे लाल, अर्धे पिवळे. चिठ्ठ्या टाकू. मुलं उचलतील."

जो गोंधळ उडाला! पाक गियार्तो उभेच राहिले. "बू, आमचा माणूस त्यांच्या माणसाला पास देईल होय? पाय गळून पडेल त्याचा!" पिवळ्यांचा एक म्हणाला, "आम्ही इथे खेळायला आलोय, सोयरीक करायला नाही." त्यावर मात्र दोन्ही रांगा हसल्या.

बू वारसितींनी डाळिंबाची वाटी शेजारच्या मुलीकडे दिली. "छप्पर एकच घालायचंय ना? का अर्ध्या खोलीला लाल पत्रे लावू आणि अर्ध्या खोलीला पिवळे? पाऊस आला की कुठल्या पोरांनी कुठे बसायचं तेही तुम्हीच ठरवा मग."

पाक गियार्तो खाली बसले. ठरलं.

परत येताना उमियाती खूश. "बघितलंस? एका वाक्यात गार केलं सगळ्यांना!" मी हो म्हटलं. मनात हिशेब चालला होता. सहा संघ. रोफिक आणि मी एकत्र येणं — सहात एकदा.

१४ जून, शुक्रवार

चिठ्ठ्या निघाल्या.

सहात एकदा — आणि तेच झालं. चौथा संघ. रोफिक, गोलकीपर. तारजोनो, बचाव.

चिठ्ठी इंतान नावाच्या मुलीने उचलली. माझं नाव अक्षर-अक्षर लावून वाचलं आणि उमियातीकडे बघून केवढी हसली! बाईंचा नवरा! तिला काय माहीत.

१५ जून, शनिवार

भूक नाही. निळा रंग सांडला, अर्धा डबा. मुकादम ओरडला.

१७ जून, सोमवार

बकरी ईद. सकाळी मशिदीत शेजाऱ्याने सतरंजीवर जागा दिली, बसलो, काय ऐकलं काही आठवत नाही.

दुपारी पिवळ्यांकडून मुलांसाठी बू वारसितींच्या घरी मटण आलं. दोन मोठी भांडी. मोटारसायकलवरून एवढा डोंगर ओलांडून! आपल्यातला एक जण भांड्यात डोकावून म्हणाला, "आधी मांजराला घाला." उमियातीने त्याच्या हातात कांदे आणि सुरी दिली. "मांजर शोधत बस नाहीतर कांदे चीर. दोन्हीपैकी एक." त्याने कांदे चिरले.

मटण घेऊन येणारे दोघे होते. त्यातला एक तो.

मी ओळखलं नाही आधी. बारीक, सावळा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. टोपी मागे सरकवलेली. काखेत केळीच्या पानांत बांधलेले टेंपेचे पुडे — त्याचा तोच धंदा आहे, घरामागे शेड आहे म्हणाला, सोयाबीन उकडायचं, आंबवायचं, पहाटे बाजारात. मग त्याने मान वळवली. डावा डोळा. पापणी अर्धी मिटलेली, आत काचेचा.

"तुम्ही कांग तारजोनो ना? आपण एका संघात!" थोरल्या भावाला म्हणावं तसं 'कांग' म्हटलं, हात मिळवला, मग तो हात छातीला लावला.  

तो गप्पिष्ट आहे. पोरांनी विचारलंच, पोरंच ती — "तुम्हाला एका बाजूचं दिसत नाही मग बॉल कसा अडवता?" आम्ही सगळे मोठे खाली बघायला लागलो. तो म्हणाला, "सोपं आहे! सगळ्यांना माहितीय की मला डावीकडचं दिसत नाही. म्हणून सगळे डावीकडेच मारतात. मी आधीच तिथे जाऊन उभा असतो."

काय हसली मुलं! मीसुद्धा हसलो. हसलो आणि मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो.

त्याच्याबद्दल वाईट वाटावं असं नऊ वर्षं वाटत होतं. तो आवडेल असं कधी वाटलं नव्हतं. हे जास्त वाईट आहे.

२० जून, गुरुवार

पहिला सराव. शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी, सात-सात जण. आमच्या संघात तीन पिवळे, चार लाल. पहिली दहा मिनिटं लाल लालला पास देतोय, पिवळा पिवळ्याला. रोफिक गोलमधून ओरडला, "अरे बॉलला कुठे रंग आहे? द्या ना!"

मी भयंकर खेळलो. त्याच्या जवळ जायचं टाळत होतो, म्हणजे बचाव सोडून भलतीकडेच. सराव संपल्यावर तो पाण्याची बाटली घेऊन आला.

"कांग, एक काम कराल? बाकी पोरं चांगली आहेत पण पळतात इकडेतिकडे. तुम्ही माझ्या डाव्या खांबाजवळ राहा. तिकडून कुणी आला की नुसतं ओरडा. चेष्टा सोडा — तिकडचं मला खरंच दिसत नाही."

"हो," मी म्हटलं.

"माझी डावी बाजू तुमच्याकडे."

घरी येताना सायकल धक्क्याकडे वळवली. बोटींच्या मागे अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.

२२ जून, शनिवार

सराव. डाव्या खांबाजवळ. तीनदा ओरडलो, तिन्ही बॉल त्याने अडवले. त्याने अंगठा दाखवला.

सांगायचं कसं? कुठून सुरुवात करायची? "त्या दिवशी मिठागराजवळ" — पुढे जीभच वळत नाही.

आणि सांगितलं तर? तीस तारीख राहील का? पिवळ्यांना कळलं तर ते मैदानात मला फाडतील. फाडू देत. पण मग स्पर्धा बंद, आणि मुलं पुन्हा ताडपत्रीखाली. स्पर्धा होईपर्यंत गप्प बसणंच बरोबर.

हे मी मुलांसाठी म्हणतोय का माझ्यासाठी?

२३ जून, रविवार

फोनवर एक निरोप फिरतोय. पिवळ्यांची जुनी टोळी तीस तारखेला काठ्या घेऊन येणार आहे. कुणी लिहिलं माहीत नाही. खरं आहे का माहीत नाही. पण दिवसभर प्रत्येकाच्या हातात तोच निरोप.

दुपारी पाक गियार्तोंच्या दुकानात सायकलला हवा भरायला गेलो. मागच्या बाजूला सिमेंटच्या गोण्या झाकलेल्या. छपराला आलेल्याच असतील म्हणून एक उचलून बघितली. खाली दगड.

ढीगच! धुऊन ठेवल्यासारखे, एकसारखे. मुठीएवढे.

  पाक गियार्तोंची हातगाडी घेतली आणि भरायला लागलो. विचार काही केला नाही. कडक ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिली खेप धक्क्याच्या टोकाला नेऊन समुद्रात ओतली. दुसरी भरताना मागून आवाज आला.

"काय रे तारजो. घर बांधतोयस?"

पाक गियार्तो. दारात उभे, बनियनवर, तोंडात लवंगेची सिगारेट.

मी म्हटलं, "नाही पाक. रिकामं करतोय."

"ते आमचे नाहीत. पोरांनी आणून ठेवलेत. मी म्हटलं, असू देत — वेळ आली तर."

"वेळ येतेच, पाक. दगड जवळ असले की येते."

हे मी कुठून बोललो?  त्यांनी माझ्याकडे बघितलं. विचारतील असं वाटलं — तुला काय माहीत? विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं त्या क्षणी, शपथ. पण त्यांनी सिगारेट विझवली आणि हातगाडीचा दुसरा दांडा धरला.

चार खेपा झाल्या.  शेवटची खेप ओतल्यावर म्हणाले, "तेव्हाच ओतले असते तर पुतण्याचा हात आज वाकडा नसता." एवढंच.

२५ जून, मंगळवार

उमियाती विचारते, "तुला होतंय काय? ताटातलं तसंच. डॉक्टरकडे चल." मी म्हटलं ऊन लागलंय. लेक म्हणाली, बाबा गोल खाणार म्हणून घाबरलेत. हसायला हवं होतं.

२८ जून, शुक्रवार

उमियातीला सांगितलं.

विहिरीवर कपडे पिळत होती. मी बादली धरून उभा होतो. आणि निघून गेलं तोंडातून — सगळं, नोव्हेंबर, खडी, ट्रक. तिने हातातलं कापड पिळणं थांबवलं नाही. पिळतच राहिली, पाणी कधीच संपलेलं.

मग म्हणाली, "आपलं लग्न त्यानंतर झालं."

"हो."

"म्हणजे तू मला बघायला आलास तेव्हा हे तुझ्या पोटात होतं. लेक झाली तेव्हा. ईदला तो माझ्या चुलीजवळ बसून जेवला — तेव्हापण."

मी म्हटलं मला माफ कर. तेव्हा ती चिडली. पहिल्यांदा आवाज चढला. "मला काय मागतोस? माझा डोळा गेलाय का? दोन्ही आहेत माझे! ज्याचा गेला त्याला जाऊन सांग."

"स्पर्धा झाल्यावर —"

"कधी ते तू ठरव. पण सांगेपर्यंत माझ्याशी बोलायला येऊ नकोस."

ती कपडे वाळत घालायला गेली. माझा शर्ट तेवढा बादलीत ठेवला.

२९ जून, शनिवार

बोलत नाही. वाढते आणि उठून जाते. उद्या.

३० जून, रविवार

कुठून लिहू!

सकाळी सातलाच मैदान भरलं. माणसं पत्रे डोक्यावर घेऊन येत होती. खरंच, डोक्यावर! एक म्हातारी दोन कौलं घेऊन आली. पिवळ्यांचे तीन ट्रक आले तेव्हा सगळा आवाज बंद झाला. पोलीस ताठ उभे. ट्रकांतून आधी उतरले ते वासे. लांबच लांब, सागाचे. काठ्यांची अफवा उठली होती ती ह्यांचीच असेल कदाचित! कुणीतरी हसलं, आणि मग पाक गियार्तो स्वतः वासे उतरवायला पुढे झाले.

तरी माझी नजर सारखी लोकांच्या हातांकडे. कुणाची मूठ मिटलेली आहे? कुणाच्या पिशवीत काय आहे? पहिल्या मॅचला एक प्लास्टिकची बाटली मैदानात पडली आणि मी जागीच थबकलो. रिकामी होती. एका पोलिसाने उचलून बाजूला ठेवली.

पहिली मॅच जिंकलो. दुसरी बरोबरीत. उपांत्य फेरीत पोचलो — आम्ही! तिथे व्हायचं ते झालं. डावीकडून एक आडदांड लालवाला धावत आला. आपलाच, सुतारपेठेतला. मी ओरडलो, "डावीकडे!" रोफिकने झेप घेतली, बॉलही धरला, पण त्या गड्याला थांबता आलं नाही. गुडघा सरळ रोफिकच्या तोंडावर.

तो पडला. हलेना.

पिवळे पायऱ्यांवरून उठले. सगळे, एकदम. लालपण उठले. ढोल थांबले. तोच तो आवाज थांबल्याचा आवाज — मला तो नऊ वर्षं माहीत आहे. मी पळालो नाही. एवढं लिहून ठेवतो, पळालो नाही. त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. नाकातून रक्त. उजवा डोळा बंद. तो एकच होता!

"रोफिक! रोफिक, दिसतंय का? बोल ना!"

त्याने डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं. "ओरडलात उशिरा, कांग," म्हणाला.

मी रडायला लागलो. सगळ्यांसमोर. लाल, पिवळे, पोलीस, लेक, सगळ्यांसमोर.

तोवर आठ-दहा पिवळे मैदानात उतरले होते, त्या सुतारपेठेच्या गड्याकडे निघालेले. रोफिक मला धरून उठला. पाक गियार्तोंच्या हातातला भोंगा ओढून घेतला. "अरे बसा खाली! नाक माझं फुटलंय, तुम्हाला काय झालं? आणि अजून मॅच उरलीय, बॉल माझ्याकडेच आहे!" बॉल खरंच त्याच्या काखेत होता. धरूनच होता मघापासून! आधी मुलं हसली — बू वारसितींची तेवीस मुलं पुढेच बसली होती — मग सगळेच. पिवळे परत फिरले. तो गडी येऊन रोफिकच्या पाया पडायला लागला, त्याने त्याला टपली मारली.

पेनल्टीवर हरलो. कुणाला काही वाटलं नाही.

पत्रे पुरून उरले. उरलेल्यांतून स्वयंपाकघराचंही छप्पर होईल, बू वारसिती म्हणाल्या. दोन्हीकडची माणसं कढीभाताच्या रांगेत एकत्र उभी होती आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मी रोफिकला बाजूला घेतलं. नाकात कापूस घालून बसला होता. "मला काहीतरी सांगायचंय," म्हटलं. तेवढ्यात मुलांनी त्याला ओढलं, फोटोला. जाता जाता म्हणाला, "बुधवारी या ना शेडवर! टेंपे कसा बांधतात दाखवतो. तिथे बोलू निवांत."

उमियाती लांबून बघत होती. मी मान हलवली — नाही, अजून नाही. तिने तोंड फिरवलं.

१ जुलै, सोमवार

सगळं अंग ठणकतंय. लोक रस्त्यात थांबवून पाठ थोपटतात. नको वाटतं.

३ जुलै, बुधवार

गेलो. बसने, डोंगराला वळसा घालून. नऊ वर्षांत पहिल्यांदा. कुणी ओळखलं नाही, एकाने ओळखलं त्याने हात हलवला — "चौथा संघ!"

शेडमध्ये वाफ, उकडलेल्या सोयाबीनचा वास. रोफिक पाटावर बसून पानांत पुडे बांधत होता. नाक सुजलेलं. मला पण पानं दिली. पाच-सहा पुडे बांधले, माझे सगळे वाकडे. तो हसला.

मग मी सांगितलं. ह्या वेळी वळली जीभ. रविवार, मिठागर, खडी. मी फेकला. तू तोंडावर हात घेऊन खाली बसलास. मी पळालो. पुढे बातमी आली. सगळं, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत.

त्याचे हात चालूच होते. पान, दाणे, घडी, काडी. पान, दाणे, घडी.

"कुठे उभा होतो मी? ट्रकमध्ये?" त्याने विचारलं.

"मागच्या फळीजवळ. पांढरा शर्ट होता तुझा."

हात थांबले.

"पांढरा? पिवळा नव्हे?"

"पांढरा. चांगला आठवतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहरा राखेसारखा झालेला. शिव्या देईल, मारेल, हाकलून देईल — मी सगळ्याला तयार होतो. पुन्हा विचारलं त्याने, "नक्की पांढरा?" मी हो म्हटलं.

"घरी जा, कांग."

"रोफिक —"

"जा आता. जा."

बसमध्ये बसलो तेव्हा कळलं, हातात एक पान तसंच होतं.

उमियातीला म्हटलं, सांगितलं. तिने विचारलं काय म्हणाला. मी म्हटलं, जा म्हणाला. ती जवळ येऊन बसली.  मला वाटलं होतं सांगितल्यावर ओझं उतरेल. नाही उतरलं. बरोबरच आहे. नऊ वर्षांचं एका दुपारी थोडंच उतरतं.

५ जुलै, शुक्रवार

सकाळी रोफिक धक्क्यावर आला. बस म्हटलं, बसला नाही.

दगड त्याला लागलाच नव्हता. तो त्या ट्रकमध्ये पुढे होता, ढोलावर, पिवळ्या शर्टात. रविवारी धडधाकट घरी गेला. मंगळवारी तेव्हाच्या कामावर, लोखंड घासताना, ग्राइंडरच्या चाकाचा तुकडा उडून डोळ्यात गेला. इस्पितळात पोरं झेंडे घेऊन आली — "लालवाल्यांनीच ना?" त्याने हो म्हणून मान हलवली. एकदाच. पुढे बसेस फुटल्या, हात मोडले, गाणी झाली, आणि नाही म्हणायची त्याची हिंमत राहिली नाही.

"आज नमाजानंतर आमच्या लोकांना सांगणार आहे," म्हणाला. "काय करायचं ते करू देत."

मी विचारलं, मग पांढरा शर्ट कोण?

"आमचा नव्हता. वाटेत हात दाखवून चढलेला कुणी मजूर. कपाळ धरून बसला होता, रक्त थांबत नव्हतं. फाट्यावर उतरवला त्याला. अंधारात."

"नाव?"

त्याला माहीत नाही. कुणीच विचारलं नव्हतं.

मीसुद्धा नाही.